आकाशातल्या दुर्बिणीचा सातबारा



२०२२ सालच्या एप्रिल महिन्याची दोन तारीख आठवते का? शनिवार होता आणि गुढीपाडवाही. आमच्या मोहल्ल्यात त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद पाहायचा होता. गच्चीवर लहानमोठी सगळी मंडळी जमली होती. चाँद दिसला, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली, बायका सहरीच्या तयारीला खाली गेल्या. आम्ही दोघे-चौघे मात्र गप्पा मारत वरच रेंगाळलो. पावणेआठच्या सुमारास आकाशात एकामागे एक अशी दिव्यांची रांग सरकताना दिसली. पोरे ओरडली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले. शेजारचे काका गुढी उतरवून नुकतेच बसले होते, तेही अंगणात आले. विदर्भातल्या हजारो लोकांनी ते दृश्य पाहिले.

रात्री बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक प्रचंड कडे पडले होते, माणसाच्या दीडपट उंचीचा व्यास असलेले. आसपास काही गोळेही सापडले. नशीब बलवत्तर, कोणाला इजा झाली नाही. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. एका चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष निघाला.

मला त्यात नवल वाटले ते एका गोष्टीचे. कड्यावर तर मालकाचे नाव नव्हते. मग ते कोणाचे हे कळले कसे? तर नोंदींवरून. कोणते रॉकेट कधी उडाले, त्याचा कोणता भाग कोणत्या कक्षेत फिरत राहिला, त्या दिवशी किती वाजता तो आपल्या डोक्यावर असणार होता, हे सारे लिहिलेले होते. कड्याला वाचा नव्हती, त्याच्या वतीने कागद बोलले.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाची माझी साथ दहावीलाच सुटली. पण या कागदांनी मला असे धरले की पुढे मी आकाशातल्या यंत्रांबद्दल वाचत गेलो. वाचताना लक्षात आले की आपण उपग्रहाच्या उड्डाणाचे फोटो पाहतो, टाळ्या वाजवतो. पण ते यंत्र घडताना वर्षानुवर्षे जे लिहिले जाते, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. आज त्याबद्दलच बोलायचे आहे. उदाहरण घेऊ आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या एका दुर्बिणीचे. ती क्ष-किरणांची दुर्बीण आहे.

क्ष-किरण म्हटले की आपल्याला दवाखाना आठवतो. अम्मीचा पाय मोडला तेव्हा मी तिला घेऊन गेलो होतो. फिल्म काढणाऱ्या मुलाने आधी शिशाचा एक छोटा तुकडा कोपऱ्यात ठेवला. पाय डावा की उजवा, ते त्यावरून फिल्मवर उमटते. मग नंबर टाकला. मी विचारले, ‘एवढे कशाला?’ तो म्हणाला, ‘काका, नंबर नसेल तर हा पाय कोणाचाही होईल.’ हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८९५ साली रोंटगेनने हे किरण शोधले. आकाशातले काही पिंडही ते फेकत असतात. फुटलेले तारे, कृष्णविवरात ओढला जाणारा तापलेला वायू, दीर्घिकांच्या समूहांमधला कोट्यवधी अंशांचा उष्ण वायू, अशा प्रखर ठिकाणांहून ते निघतात. पण आपल्यापर्यंत पोचत नाहीत, कारण पृथ्वीवरची हवा ते गिळून टाकते. हे आपल्या जिवाच्या दृष्टीने बरेच आहे. मात्र ते पाहायचे तर हवेच्या वर जावे लागते. १९६२ साली रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटवर उपकरण पाठवले आणि वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. जाकोनींना २००२ साली नोबेल मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडून हे काम सुरू केले. १९९६ साली आयआरएस-पी३ या उपग्रहावर एक छोटे उपकरण गेले आणि त्यानंतर स्वतंत्र वेधशाळेची स्वप्ने पडू लागली.

ती वेधशाळा म्हणजे ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० रॉकेटने तिला ६५० किलोमीटर उंचीवर नेले. वजन सुमारे दीड हजार किलो. पाच वर्षे चालावी अशी आखणी होती, तिने २०२५ च्या सप्टेंबरात दहा वर्षे पूर्ण केली. तिच्यावरच्या उपकरणांपैकी तीन क्ष-किरण उपकरणांत टीआयएफआरचा मोठा वाटा आहे, आणि त्यातल्या एकात पुण्याच्या आयुकाचाही. प्रल्हादचंद्र अग्रवाल, कुलिंदर पाल सिंग, ए. आर. राव ही त्या कामामागची काही नावे.

त्यातली सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप, म्हणजे सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण, ही खऱ्या अर्थाने दुर्बीण. तिची गंमत अशी की क्ष-किरण साध्या आरशावर परततच नाहीत, थेट आत शिरतात. मग त्यांना वळवायचे कसे? लहानपणी आपण तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी फेकायचो. उभी मारली तर डुबुक. अगदी आडवी, पाण्याला घासून मारली तर टप्पे घेत पुढे जाते. क्ष-किरणांचेही तसेच. पृष्ठभागाला जेमतेम एखाद्या अंशाच्या कोनात घासून गेले तरच ते परावर्तित होतात. म्हणून या दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसतो. एकात एक बसवलेल्या नळ्यांसारखा असतो. आपल्या दुर्बिणीत अशी चाळीसेक कडी एकात एक आहेत. प्रत्येक कडे चार तुकड्यांचे आणि अशा दोन रांगा, म्हणजे आरशाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. दोन मीटर खाली, शून्याखाली ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला कॅमेरा. तो इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातून आला.

आता विचार करा. तीनशेहून अधिक तुकडे, दिसायला सारखे. कोणता कधी बनला? मुलाम्यात कुठे ओरखडा आहे? कोणत्या खाचेत कोणता बसला? हादऱ्यांची चाचणी घेतल्यावर जागेवरून किती सरकला? वर गेल्यावर कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन जाणार नाही. त्यामुळे यंत्र जमिनीवर असतानाच त्याचे दोन संसार उभे राहतात, एक धातूचा आणि दुसरा कागदाचा. प्रत्येक सुट्या भागाला नंबर, प्रत्येक नंबराला कार्ड. आरेखनाच्या प्रत्येक कागदावर आवृत्तीचा क्रमांक. चाचणीचा तक्ता. काही बिघडले तर बिघाडाचा अहवाल. आणि आराखड्यात काही बदलले तर बदलाची नोंद: काय बदलले, का बदलले, कोणी सांगितले, कोणी तपासले.

गावाकडच्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. शेत जागेवरच असते; पण ते कोणाचे, किती, त्यावर बोजा कोणाचा, हे सातबारा सांगतो. आणि सातबाऱ्यात काही बदलायचे तर आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडावा लागतो. फेरफाराशिवाय सातबाऱ्यावर अक्षर हलत नाही. दुर्बिणीचाही असाच सातबारा असतो आणि तिचेही फेरफार असतात. फेरफार न नोंदवता कोणी एक स्क्रू बदलला, तर तंटा उभा राहतो. फरक इतकाच की हा तंटा आकाशात उभा राहतो आणि तिथे तारीख मिळत नाही.

या बाबतीत मी एकदा घरचाच मार खाल्ला आहे. माझे अब्बा आमच्या जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते. रुईच्या गाठींच्या वजनाची वही ते लिहीत. एका उन्हाळ्यात मी त्यांच्या मदतीला बसलो. कॉलेजात होतो, अक्षर सुंदर, त्याचा गर्वही होता. एका गाठीचा आकडा उलटासुलटा लिहिला गेला. पान खराब दिसेल म्हणून मी ब्लेडने शाई खरवडली आणि वर बरोबर आकडा सफाईने लिहिला. पुढे माल नेणाऱ्याशी वजनावरून वाद झाला, वही उघडली गेली आणि त्याने नेमके खरवडलेल्या जागेवर बोट ठेवले. आकडा खरा होता, पण त्या एका जागेमुळे सबंध पानावरचा विश्वास उडाला. तोटा अब्बांच्या पगारातून भरून निघाला. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘बेटा, चूक झाली तर एक रेघ मार, खालचा आकडा दिसला पाहिजे. वर बरोबर आकडा लिही, बाजूला सही कर. चुकीची लाज नाही, लपवण्याची आहे.’

अनेक वर्षांनी प्रयोगशाळेच्या वह्यांचे नियम वाचले आणि डोळ्यांत पाणी आले. शब्द वेगळे, नियम तोच. पान फाडायचे नाही, खोडरबर वापरायचे नाही, एक रेघ, सही आणि तारीख. आम्ही कवी कच्चे खर्डे फाडून टाकतो, वाचकाला शेवटची ओळच दाखवतो. अभियंत्याला ती मुभा नाही. त्याचे कच्चे खर्डेच पुढे कोणाचा तरी जीव वाचवतात.

तुम्ही म्हणाल, थोडी अतिशयोक्ती होते आहे. तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली हबल दुर्बिणीची. ती क्ष-किरणांची नव्हे, साध्या प्रकाशाची. पण धडा सर्वांना झाला. १९९० साली ती अवकाशात गेली आणि चित्रे धूसर येऊ लागली. २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत घासला होता, पण चुकीच्या आकारात. कडेशी चूक किती? केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतकी. चौकशी समितीने कारखान्यात जाऊन पाहिले, तर आरसा तपासण्याचे मूळ साधन कित्येक वर्षे तिथे तसेच ठेवलेले होते. मोजल्यावर कळले की त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दोन साधनांनी घेतलेल्या चाचण्यांत ही चूक त्या वेळीच दिसली होती. नोंद होती. पण ‘ती साधने तितकी अचूक नाहीत’ असे म्हणून ती बाजूला सारली गेली. म्हणजे कागद खरे बोलत होता, ऐकणारा कोणी नव्हता. तरीही त्याच पुराव्याने पुढे तारले. चूक नेमकी किती हे कळल्यामुळे तिच्यावरचा उतारा नेमका बनवता आला आणि १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दृष्टी दुरुस्त केली.

आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव ज्या क्ष-किरण दुर्बिणीला दिले आहे, ती चंद्रा दुर्बीण तेव्हा घडत होती. हबलच्या चटक्यानंतर तिच्या सर्वांत मोठ्या आरशांची जोडी १९९१ साली खऱ्या क्ष-किरणांखाली आधीच तपासण्यात आली. १९९९ साली चंद्रा अवकाशात गेली. तिची कक्षा इतकी दूरची की दुरुस्तीला माणूस जाणेच शक्य नव्हते. तिची चित्रे आजही दाखला म्हणून दिली जातात.

दुसरी गोष्ट दुःखाची. जपानने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी हितोमी ही क्ष-किरण वेधशाळा सोडली. हितोमी म्हणजे डोळ्याची बाहुली. किती गोड नाव! तिच्यावरचे उपकरण जगात पहिलेच म्हणावे इतके सूक्ष्म होते. वर गेल्यावर तिचा एक लांब दांडा उघडला, त्यामुळे वजनाचा तोल बदलला, म्हणून छोट्या इंजिनांना द्यायचे आकडेही बदलावे लागले. बदललेले आकडे वर पाठवले गेले. ते चुकीचे होते आणि कोणी पडताळून पाहिले नव्हते. २६ मार्चला दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा गोंधळ झाला. उपग्रह फिरत नसताना ‘मी फिरतो आहे’ असे तिला वाटू लागले आणि ती सावरायला गेली. शेवटी बचावासाठी इंजिने सुरू झाली, तर चुकीच्या आकड्यांमुळे गिरकी थांबायच्या ऐवजी वाढली. सौरपट्ट्या आणि दांडा तुटून पडले. जेमतेम पाच-सहा आठवड्यांचे आयुष्य. फेरफार पडला होता, पण तपासणाऱ्याची सही नव्हती. जपानी संस्थेने सारे काही लिहून जाहीर केले, चूक खरवडली नाही. त्याच लिखाणाचा आधार घेऊन २०२३ साली तिची धाकटी बहीण, क्रिझम, आकाशात गेली.

आता घराकडे येऊ. ॲस्ट्रोसॅट उडाल्यावर आपल्या सौम्य क्ष-किरण दुर्बिणीचे झाकण लगेच उघडले नाही. २६ ऑक्टोबरला, म्हणजे तब्बल चार आठवड्यांनी उघडले. कारण नव्या यंत्रातून, त्याच्या गोंदातून, रंगातून काही काळ वाफा निघत राहतात. थंड कॅमेऱ्यावर त्या बसल्या तर डोळ्यावर कायमचा पडदा येतो. नवी नवरी घरात आली की तिला आधी थोडे स्थिरावू द्यावे, तसे हे. कोट्यवधींचे यंत्र वर गेलेले असताना चार आठवडे हातावर हात ठेवून बसायला धीर लागतो. तो धीर आधीच्या अनुभवांच्या नोंदी देतात.

दुसरे उपकरण वायूने भरलेल्या तीन पेट्यांचे. त्यांतल्या एका पेटीतून वायू गळू लागला. अखेर २०१८ च्या मार्चमध्ये ती बंद करावी लागली. पण बंद होईपर्यंत तिने दिलेले आकडे वाया गेले का? नाही. गळतीमुळे मोजमाप कसे बदलत गेले याचा हिशेब ठेवलेला होता, म्हणून त्यात सुधारणा करून घेता आली. फुटक्या मापानेही दूध मोजता येते, किती फुटके आहे ते माहीत असेल तर.

आणि तिसरे, ज्याच्या कामात आयुका सहभागी आहे, त्याची गोष्ट आनंदाची. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड नावाच्या स्फटिकांचे ते उपकरण. १६,३८४ बारीक चौकोन. प्रखर क्ष-किरणांची चित्रे घेणे हे त्याचे मुख्य काम. पण उड्डाणाआधीच काही संशोधकांनी जमिनीवर चाचण्या घेऊन ठेवल्या होत्या, की या किरणांची कंपने एकाच दिशेने होतात का, हेही हे यंत्र ओळखू शकते. त्या चाचण्यांचे आकडे जपून ठेवले. मग वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाकडे उपकरण वळवले, दीड-दोन वर्षे निरीक्षणे साठवली. २०१७ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणाऱ्या त्या मृत ताऱ्याच्या किरणांचे हे वळण प्रत्येक गिरकीत कसे बदलते, ते आपल्या यंत्राने दाखवले. उड्डाणापूर्वीची ती वही नसती तर या निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवला नसता. हा पाय कोणाचाही झाला असता.

या क्रॅबचीही एक नोंद आहे. १०५४ साली, ४ जुलैला, चिनी ज्योतिष्यांना आकाशात ‘पाहुणा तारा’ दिसला. दिवसाढवळ्या तो तेवीस दिवस दिसत होता, रात्री जवळजवळ दोन वर्षे. कशासाठी, कोणासाठी हे माहीत नसताना त्यांनी तारीख आणि जागा लिहून ठेवली. आज त्या एका नोंदीमुळे त्या ताऱ्याच्या स्फोटाचे वय आपल्याला वर्षासकट सांगता येते. आणि आज जगातल्या क्ष-किरण दुर्बिणी आपली मापे तपासतात, ती बहुधा याच क्रॅबवर. हजार वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाची ओळ मुंबई-पुण्यात घडलेल्या यंत्राच्या उपयोगी पडते. लाडबोरीचे कडे आणि हा पाहुणा तारा, दोन्ही चीनशी जोडलेले. एक पडल्यावर ओळखले, दुसरे लिहिल्यामुळे उरले.

श्रोतेहो, माझी चिंता आता सांगतो. एक वेधशाळा उभी राहायला दहा-पंधरा वर्षे लागतात. सुरुवात करणारे निवृत्त होतात, विद्यार्थी पीएच.डी. करून परदेशी जातात. यंत्र मात्र वर फिरत राहते आणि प्रश्न विचारत राहते. त्या वेळी उत्तर देणारे कोण? कपाटातल्या फायली, संगणकातल्या नोंदी. खगोलशास्त्रज्ञांनी १९८१ पासून फिट्स नावाची एक पद्धत पाळली आहे. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर साध्या अक्षरांत लिहायचे, की हे कोणत्या यंत्राने, केव्हा, कशाकडे पाहून टिपले. आणि नियम असा, की जुनी फाइल नेहमी वाचता आली पाहिजे. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात, वर्ध्याच्या कॉलेजातल्या पोरालाही. पण आकड्यांच्या मागचे कागद, म्हणजे त्या हस्तलिखित वह्या, चाचणीचे तक्ते, एक रेघ मारून दुरुस्त केलेली पाने, त्यांचे काय? जागा हवी म्हणून कपाटे रिकामी करण्याची आपली सवय सर्वांना ठाऊक आहे. कार्यालय बदलले की जुने गठ्ठे रद्दीत जातात. पुढची दुर्बीण बांधणाऱ्यांना मग तीच ठेच पुन्हा लागते.

आपल्या जिल्ह्याला हिशेबाचे महत्त्व सांगायला नको. सेवाग्रामला वापरलेल्या पाकिटाची मागची बाजूही फुकट जात नसे. ती काटकसर नुसती कागदाची नव्हती. आपल्या वागण्याचा जाब कोणीही केव्हाही मागू शकतो आणि आपल्याला तो देता आला पाहिजे, अशी ती वृत्ती होती.

अब्बा जाऊन बरीच वर्षे झाली. ते जिनिंगही बंद पडले. त्यांच्या वह्या कुठे गेल्या, हे मी कधी विचारले नाही, याची आता खंत वाटते. घरी एकच वही राहिली आहे, त्यांच्या स्वतःच्या खर्चाची. त्यात एका पानावर किराण्याचा आकडा चुकला आहे. त्यावर एक रेघ आहे, वर बरोबर आकडा आणि बाजूला त्यांची बारीक सही. घरखर्चाच्या वहीत कोण सही करतो? पण ते करीत.

परवा रात्री वीज गेली म्हणून गच्चीवर गेलो. वृश्चिक वर आला होता. त्याच्याच परिसरात कुठेतरी १९६२ चा तो पहिला क्ष-किरण स्रोत आहे, डोळ्यांना न दिसणारा. वर कुठेतरी सोन्याच्या मुलाम्याचे आपले तीनशेहून अधिक तुकडेही फिरत असतील. प्रत्येकाला नंबर आहे आणि खाली कुठल्यातरी कपाटात प्रत्येकाचा कागद आहे. तो कागद कोणी रद्दीत टाकू नये, एवढेच मागणे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)